अडाणकाठचा वसंत

बोरी अरब हे यवतमाळ जिल्ह्याच्या दारव्हा तालुक्यातील, अडाण नदीच्या काठचे गाव आहे. वाशीम जिल्ह्याच्या बाजूने येणारी ही नदी कारंजा तालुक्यातील अडाण प्रकल्पाच्या धरणात अडते, तेथून सुटून दारव्हा तालुक्यात शिरते, पुढे अरुणावतीला सोबत घेऊन पैनगंगेला मिळते, आणि पैनगंगा, वर्धा, प्राणहिता अशी वाट चालत तिचे पाणी अखेर गोदावरीत जाते. खोऱ्यात काळी, भेगाळणारी कापसाची जमीन आहे; गावागावांत कुणबी, बंजारा, बौद्ध, मुस्लिम, गोंड, कोलाम, भोई अशा अनेक समाजांची वस्ती आहे. या खोऱ्यातील वसंत ऋतूचे सण आणि त्या सणांच्या आगेमागे चालणारी रोजची कामे यांचा एकत्र विचार केला तर असे दिसते की, नदी आटू लागल्यापासून मृगाचा पाऊस पडेपर्यंतच्या तीन-चार महिन्यांत येथील माणसे एकमेकांची, जमिनीची आणि दिवंगत पूर्वजांचीही देणी चुकती करतात व नव्या वर्षाची बोली करतात. सणांनी या देण्याघेण्याला तिथी दिली आहे आणि चारचौघांची साक्ष दिली आहे.

पंचांगाप्रमाणे चैत्र आणि वैशाख हे वसंताचे महिने. वऱ्हाडात मात्र वैशाख म्हणजे पारा चाळीस अंशांच्या वर चढलेला, दुपारी रस्ते ओस पडलेला कडक उन्हाळा, आणि ज्याला वसंत म्हणावे असा काळ माघाच्या उत्तरार्धापासून फाल्गुनाच्या अखेरीपर्यंत येऊन जातो. या तफावतीचे एक कारण हवामानात असले, तरी दुसरे आकाशात आहे. पृथ्वीचा अक्ष अतिशय मंद गतीने स्वतःची दिशा बदलत असतो आणि त्यामुळे संपातबिंदू, म्हणजे जेथे सूर्य आला असता दिवस व रात्र समान होतात ते स्थान, सुमारे ७२ वर्षांत एक अंश या वेगाने ताऱ्यांच्या तुलनेत मागे सरकतो. यालाच अयनचलन म्हणतात. आपली परंपरागत पंचांगे ताऱ्यांशी बांधलेली असल्यामुळे आज मेष संक्रांत १४ एप्रिलच्या सुमारास येते, प्रत्यक्ष वसंतसंपात मात्र त्याच्या साडेतीन आठवडे आधी, २०-२१ मार्चला होऊन गेलेला असतो. ही चूक टाळण्यासाठी भारत सरकारने २२ मार्च १९५७ पासून संपाताशी जोडलेली राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू केली. ती सरकारी कागदांवर राहिली आणि गावे आपल्या तिथींवर राहिली. शेतकऱ्याचे त्यात काही अडले नाही, कारण पळस फुलला, हरभऱ्याचे घाटे वाळले आणि नदीचा आवाज बंद झाला की कोणत्याही पंचांगाशिवाय त्याला ऋतू कळतो.

नदीचा आवाज बंद होणे ही येथील वसंताची खरी सुरुवात म्हणता येईल. दख्खनचा कातळ बसाल्टचा आहे, म्हणजे लाव्हारस थिजून झालेल्या घट्ट खडकाचा. त्याच्या सांध्या-भेगांत आणि वरच्या कुजलेल्या मुरमात जेवढे पाणी मुरेल तेवढेच भूगर्भात साठते, आणि पावसाळ्यानंतर हेच साठलेले पाणी पाझरून नदीला वाहते ठेवते. फाल्गुन येईतो हा पाझर क्षीण होतो, प्रवाहाची जागा डोहांची साखळी घेते, आणि मधले पात्र रेतीचे व गोट्यांचे उघडे पडते. ज्या गावांत नळयोजना पोहोचली नव्हती तेथे याच काळात पात्रात झिरे खोदले जात, आणि पाणीटंचाईच्या वर्षी ते आजही खोदले जातात. झिरा म्हणजे रेतीत हाताने किंवा टोपल्याने उकरलेला दीड-दोन हात खोल खड्डा. पहिले गढूळ पाणी उपसून टाकायचे, कडेची रेती ढासळू नये म्हणून ती ओल्या हाताने थापायची, आणि मग तळाशी बोटभर निवळ पाणी जमले की वाटीने ते अलगद उचलून गुंडीत ओतायचे. एक गुंडी भरायला बराच वेळ लागे, आणि म्हणून बाया पहाटेच नंबर लावत. रेतीच्या थरांतून गाळून आलेले हे पाणी डोहातल्या पाण्यापेक्षा स्वच्छ असते, हे ज्ञान पिढ्यानपिढ्यांचे आहे.

हेच उघडे पात्र विदर्भात एका वेगळ्या शेतीची जागा होते. नदीपात्रातील टरबूज, डांगर आणि काकडीच्या या वाडीला डांगरवाडी म्हणतात. डांगर हे वऱ्हाडी बोलीत खरबुजाचे नाव. पाणी उतरले की, बहुधा पौष महिन्याच्या आसपास, भोई-ढीवर समाजातील कुटुंबे पात्रात रेती बाजूला करून ओल लागेपर्यंत चर किंवा आळी खोदत, त्यांत शेणखत भरून बी लावत, वाऱ्याने रेती उडून कोवळ्या वेलींवर बसू नये म्हणून तुराट्यांचा वा गवताचा आडोसा करत, आणि तेथेच खोपी बांधून राहत. फाल्गुन-चैत्रात फळे बाजारात येत आणि पहिल्या पावसाच्या आत वाडी मोडली जाई. जमीन कोणाच्या नावावर नाही, सातबारा नाही, तरीही कोणत्या कुटुंबाने पात्राचा कोणता पट्टा करायचा हे वहिवाटीने ठरलेले असे. धरणांमुळे पाण्याचे वेळापत्रक बदलले, अवेळी सोडलेल्या पाण्याने वाड्या वाहून जाऊ लागल्या, आणि रेतीला बांधकामाच्या बाजारात भाव आल्यावर तर पात्रातली रेतीच उरली नाही. रेतीचा उपसा झाला की झिरा लागत नाही, डांगरवाडी होत नाही, काठच्या विहिरींची पातळीही खाली जाते. रेतीघाटाच्या लिलावातून मिळणारा महसूल मोजला जातो. या तीन गोष्टींचे नुकसान मात्र कोणत्याही खात्याच्या वहीत चढत नाही, आणि नदीकाठच्या जीवनावर झालेला हा सर्वांत मोठा अन्याय आहे.

नदी आटत असतानाच शेते रिकामी होत जातात. दिवाळीच्या सुमारास सुरू झालेली कापसाची वेचणी माघापर्यंत संपते, तूर कापून झोडून झालेली असते, गहू आणि हरभरा फाल्गुनात खळ्यावर येतो. शेतात उभ्या राहतात त्या पऱ्हाट्या, म्हणजे बोंडे वेचून झालेली कापसाची वाळकी झाडे. या पऱ्हाट्या उपटून त्यांचे भारे घरी आणणे हे वसंतातले एक मोठे, कंटाळवाणे पण अत्यावश्यक काम आहे, कारण वर्षभराचे सरपण, कुडाच्या भिंती आणि कुंपणे यांवरच भागत आली आहेत. ओलिताची सोय असलेले शेतकरी झाडे तशीच ठेवून, पाणी देऊन, आणखी एखादी वेचणी पदरात पाडून घेत. या लांबवलेल्या पिकाला फरदड म्हणतात. फरदडीचा मोह महाग पडतो, हे २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्याने अनुभवले. त्या वर्षी गुलाबी बोंडअळीने कापसाचे प्रचंड नुकसान केले. ही अळी बोंडाच्या आत राहून सरकी खाते, बाहेरून सहसा दिसत नाही, आणि शेतात हिरवे बोंड जितका काळ मिळेल तितक्या तिच्या पिढ्या वाढत जातात. उन्हाळ्यात तिला खायला काहीच मिळू न देणे हा तिचा क्रम तोडण्याचा सर्वांत स्वस्त उपाय आहे. म्हणून वेळेवर शेत मोकळे करणे आणि त्यानंतर उन्हाळवाही, म्हणजे भर उन्हात नांगरून ढेकळे तापत ठेवणे, या जुन्या रीतीमागचे शहाणपण आता कृषी विद्यापीठांच्या शिफारशींतूनही सांगितले जाते.

रानात या वेळी पळस पेटलेला असतो. पळसाची पाने गळतात आणि निष्पर्ण फांद्यांवर केशरी, पोपटाच्या चोचीसारख्या बाकदार फुलांचे घोस येतात. झाडावर पाने नसल्यामुळे ही फुले दुरून दिसतात आणि मैना, सूर्यपक्षी, बुलबुल असे पक्षी त्यांतल्या रसासाठी येऊन परागीभवन करतात. होळीच्या आधी मुले आणि बाया ही फुले गोळा करतात. फुले पाण्यात उकळली की त्यांतील आयसोब्युट्रिनसारखी पिवळी रंगद्रव्ये उतरतात, आणि त्या पाण्यात चिमूटभर चुना टाकला तर पिवळा रंग गडद केशरी होतो, कारण ही द्रव्ये अल्कधर्मी पाण्यात, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाच्या पाण्यात, आपला रंग बदलतात. डब्यातल्या रासायनिक रंगांनी हा रंग मागे टाकला तो स्वस्ताईमुळे आणि श्रम वाचल्यामुळे. अंगाला न झोंबणे आणि कपड्यावरून सहज निघणे हे पळसाचे गुण मात्र त्या डब्यात नाहीत. रानाच्या जवळच्या गावांत आणि पोडांवर, म्हणजे कोलामांच्या वस्त्यांवर, याच दिवसांत मोहाची फुले पडू लागतात. ती पहाटे गळतात, गुरे आणि हरणे यायच्या आत वेचावी लागतात, आणि वाळवून ठेवली की पुढे कित्येक महिने खाण्यास व विक्रीस उपयोगी पडतात.

होळीची तयारी गावातील पोरे शेणाच्या चाकोल्या थापण्यापासून करतात. चाकोली म्हणजे मधोमध भोक असलेली लहान गोवरी. तिच्या माळा ओवून त्या होळीत टाकतात, आणि लहान मुलांच्या गळ्यात साखरेच्या गाठीची माळ घालतात. फाल्गुन पौर्णिमेला गावची होळी संध्याकाळी पेटते, पुरणपोळीचा निवेद दाखवला जातो, आणि दुसऱ्या दिवशीच्या धुळवडीला गावकऱ्यांची पावले नदीच्या शिल्लक डोहांकडे वळतात.

बंजाऱ्यांच्या तांड्यावरची होळी याहून वेगळी आणि कितीतरी मोठी आहे. यवतमाळ व वाशीम या जिल्ह्यांत गोर बंजारा समाजाची वस्ती दाट आहे. बैलांच्या तांड्यांवरून धान्य आणि मीठ देशभर पोहोचवणारा हा समाज. एकोणिसाव्या शतकात रेल्वे आली, मिठाचा व्यापार इंग्रजांच्या हाती गेला, पुढे १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने भटक्या समाजांवर संशयाचा शिक्का बसला, आणि हळूहळू तांडे नदीनाल्यांच्या काठी, माळावर स्थिर झाले. महाराष्ट्राचे दीर्घकाळ, १९६३ ते १९७५ या काळात, मुख्यमंत्री राहिलेले वसंतराव नाईक याच जिल्ह्यातील पुसद तालुक्यातल्या गहुली गावचे. तांड्याचा कारभार नायक आणि कारभारी यांच्याकडे असतो, आणि होळी त्यांच्या परवानगीने व उपस्थितीत पहाटे पेटवली जाते. महिनाभर आधीपासून रात्री डफावर लेंगी गायल्या जातात. लेंगी हे होळीचे समूहगीत. तिच्यात थट्टा असते, देवाची आणि संत सेवालाल महाराजांची आठवण असते, आणि अलीकडे व्यसन सोडा, मुलींना शिकवा असेही विषय येतात. गेरिया म्हणजे होळी खेळणारे तरुण पुरुष आणि गेरणी म्हणजे त्यांच्यासमोर उभ्या राहणाऱ्या स्त्रिया.

ज्या घरात गेल्या होळीनंतर मुलगा जन्मला असेल त्या घरी या दिवशी धुंड होतो. बाळाला मांडीवर घेऊन बसलेल्या आप्ताच्या डोक्यावर काठी आडवी धरतात, गेरिये तिच्यावर आपल्या काठ्या ठेक्यात आपटत आशीर्वादाची गाणी म्हणतात, आणि त्या घराने तांड्याला जेवण द्यायचे असते. अंगणात खुंट रोवून त्याला गोडधोडाची चरवी बांधतात. गेरिये ती पळवू पाहतात आणि गेरणी हातातल्या काठ्यांनी त्यांना झोडपून काढतात. हा मार खरा असतो, आणि तो मुकाट्याने खाण्याची रीत आहे. वर्षभर पुरुषांच्या शब्दाबाहेर न जाणाऱ्या स्त्रीला या एका दिवशी काठी उचलण्याचा मान मिळतो. त्यानंतर गेरिये घरोघर, तसेच शेजारच्या गावातील ओळखीच्या शेतकऱ्यांकडे व दुकानदारांकडे जाऊन गातात आणि फाग मागतात, म्हणजे होळीचा हक्काचा पैसा मागतात. मेळघाटातील कोरकू समाजात हाच प्रकार फगवा या नावाने चालतो. फाग देणारा हात उपकाराचा नसतो. मागणाऱ्याचा तो मान आहे असे दोन्ही बाजू समजतात, आणि म्हणूनच तो नाकारणे अशुभ मानले जाते. समाजात मुली जन्मल्यावरही धुंड करावा असा आग्रह आता काही कुटुंबे धरतात, ही फार चांगली गोष्ट आहे.

वसंतात दारोदार जाऊन हक्काचे मागणे ही रीत एका खोऱ्यापुरती नाही. इंग्लंडमध्ये बर्कशायर परगण्यात केनेट नदीच्या काठी हंगरफर्ड नावाचे छोटे शहर आहे. तेथे ईस्टरनंतरच्या दुसऱ्या मंगळवारी हॉकटाइड हा उत्सव होतो. सकाळी शिंग फुंकून गावातील कॉमनर मंडळींना, म्हणजे ज्यांच्या घराला सामाईक कुरणाचा आणि केनेट नदीतील मासेमारीचा परंपरागत हक्क आहे त्यांना, सभेला बोलावले जाते. या सभेत वर्षाचा कारभार तपासून नवे पदाधिकारी निवडले जातात. त्याच दिवशी टुट्टीमेन नावाचे दोन पुरुष फुलांनी मढवलेल्या, टोकाला संत्रे खोचलेल्या उंच काठ्या घेऊन हक्कदारांच्या घरोघरी फिरतात, पूर्वीच्या रीतीप्रमाणे घरपट्टीचा एक पेनी आणि घरातील स्त्रियांचे चुंबन मागतात, आणि बदल्यात संत्री वाटतात. हे हक्क चौदाव्या शतकात जॉन ऑफ गाँट या सरदाराने दिले, असे तेथील परंपरा मानते. बाहेरून पाहणाऱ्याला ही केवळ मौज वाटते. पण कुरण कोणाचे, मासे कोणी धरायचे आणि वर्षाचा मुखत्यार कोण, हे प्रश्न त्या फुलांच्या काठीला बांधलेले आहेत. डांगरवाडी करणाऱ्यांना अशी वर्षातून एकदा भरणारी, सर्वांनी मानलेली सभा मिळाली असती तर नदीपात्रावरील त्यांची वहिवाट इतक्या सहज बुजली नसती.

इंग्लंडमध्ये १७५१ पर्यंत कायदेशीर वर्षच २५ मार्चला, लेडी डे या सणाला, सुरू होत असे. शेतजमिनीचे खंड याच दिवशी चुकते होत आणि नवे करार याच दिवसापासून लागू होत. १७५२ मध्ये दिनदर्शिका सुधारताना ११ दिवस गाळले गेले, हिशेबाची तारीख पुढे सरकली, आणि म्हणून आजही ब्रिटनचे करवर्ष ६ एप्रिलला सुरू होते. भारतातील आर्थिक वर्ष १ एप्रिलपासून चालते, आणि ‘मार्चअखेर’ हा शब्द अडाणकाठच्या कोणत्याही पानटपरीवर कानी पडतो : सोसायटीचे कर्ज मार्चअखेर भरायचे, जुने-नवे करायचे, म्हणजे जुने फेडल्याचे दाखवून नवे उचलायचे, ग्रामपंचायतीची पट्टी वसूल करायची, आणि वीजबिलाची थकबाकी आली की पंपाची जोडणी वाचवायला धावपळ करायची.

गावाचा स्वतःचा हिशेब मात्र गुढीपाडव्याला मिटतो. गुढीला निंबाचा डहाळा, गाठी, नवे कापड आणि तांब्या लागतो, निंबाची कोवळी पाने गूळ व भिजवलेल्या हरभऱ्याच्या डाळीबरोबर खातात, पंचांग वाचले जाते. हे महाराष्ट्रभर सारखेच आहे. वऱ्हाडच्या शेतीत या दिवसाचे खरे महत्त्व सालदाराच्या ठरावामुळे आहे. सालदार किंवा सालगडी म्हणजे पाडव्यापासून पुढच्या पाडव्यापर्यंत, एक साल, एकाच शेतकऱ्याकडे बांधून घेतलेला शेतमजूर. त्याची बोली पाडव्याच्या आधीच्या आठ-पंधरा दिवसांत, पारावर किंवा ओसरीवर, दोन-चार माणसांसमोर होते. सालाची रोख रक्कम किती, त्यातली उचल आगाऊ किती, ज्वारी वा गव्हाची पोती किती, कपडे, वहाणा, पावसाळ्याचे घोंगडे मिळणार का, पोळ्याला काय द्यायचे, सणावाराच्या सुट्या किती, खाडे पडले तर पैसे कसे कापायचे, हे सारे तोंडी ठरते आणि कागद सहसा होत नाही. पाडव्याला जुने साल सुटते. त्या दिवशी मालकाकडे बाकी निघत असेल तर ती द्यावी लागते, आणि सालदाराच्या अंगावर उचल शिल्लक असेल तर एक तर ती फेडून तो मोकळा होतो किंवा पुढचे सालही त्याच घरी काढतो.

या पद्धतीत गोडवा होता असे सांगणारे लेखन पुष्कळ आहे, आणि एकाच घरी तीस-तीस साले काढून मालकाच्या लेकरांचा ‘काका’ झालेले सालदार खरोखरच होते. पण तिच्यात बांधिलकीचा जाच होता हेही तितकेच खरे आहे, कारण लग्न किंवा आजारपणासाठी घेतलेली उचल फिटत नसे आणि सालदाराला दुसरीकडे जाता येत नसे; त्यात सालदार बहुधा भूमिहीन, आणि पुष्कळदा दलित किंवा आदिवासी, त्यामुळे जातीची उतरंडही या ठरावात मुरलेली होती. तरीही वर्षातून एकदा, ठरलेल्या तिथीला, चार लोकांसमोर आपल्या श्रमाचा भाव मागण्याची आणि पटले नाही तर साल सोडण्याची संधी त्याला होती. ट्रॅक्टर आले, सोयाबीन आले, बैल कमी झाले, तरुण पुण्याकडे व औरंगाबादच्या कारखान्यांकडे निघून गेले, तशी सालदारकी आटत गेली. आज सालदार मिळणे कठीण झाले आहे आणि जो मिळतो तो आपला भाव ताठपणे सांगतो. या बदलाबद्दल मोठे शेतकरी तक्रार करतात, परंतु शेतमजुराच्या बाजूने पाहिले तर पाडव्याला आलेली ही चांगलीच चलती आहे.

चैत्रातच या गावांतील तीन निरनिराळी कालगणनेची चक्रे एकमेकांजवळ येतात. पाडवा आणि रामनवमी चांद्र-सौर पंचांगाप्रमाणे येतात, म्हणजे महिने चंद्राचे असले तरी अधिक मासाच्या योजनेमुळे ते ऋतूंना सोडून जात नाहीत. मुस्लिम वर्ष शुद्ध चांद्र, सुमारे ३५४ दिवसांचे असल्याने रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे येतो आणि साधारण ३३ वर्षांत सर्व ऋतूंतून फिरतो. २०२५ मध्ये पाडवा ३० मार्चला आणि रमजान ईद ३१ मार्चला आली, तेव्हा एकाच बाजारात एकाच आठवड्यात साखरेच्या गाठी आणि शेवया-खजूर यांची दुकाने शेजारीशेजारी लागली. तिसरे चक्र इंग्रजी दिनांकाचे. १४ एप्रिलची डॉ. बाबासाहेब आंबेडकर जयंती हा विदर्भातील बौद्ध वस्त्यांचा वर्षातील सर्वांत मोठा सण आहे. १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर होळी-पाडव्याच्या जुन्या गावमानांतून, म्हणजे महारकीच्या कामांतून आणि त्यांच्याबरोबर येणाऱ्या अपमानातून, बाहेर पडलेल्या समाजाने वसंतात स्वतःचा सण उभा केला. निळ्या पताका, घरांना नवा रंग, पंचशील ध्वज, रात्री भीमगीतांचे कार्यक्रम, आणि ११ एप्रिलच्या महात्मा फुले जयंतीपासून चालणारी व्याख्याने, असे त्याचे स्वरूप आहे. वसंताच्या जुन्या सणांनी ज्यांचे देणे कधी चुकते केले नाही त्यांनी आपली तिथी स्वतः ठरवली.

रामनवमीला रस्त्यांवर पोहरादेवीची गर्दी असते. वाशीम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यातील पोहरादेवी ही संत सेवालाल महाराजांच्या समाधीची जागा, बंजारा समाजाची काशी मानली जाते. देशातल्या अनेक राज्यांतून लोक येथे येतात. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये येथे बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन झाले. दारव्हा-दिग्रसच्या बाजूच्या तांड्यांसाठी ही यात्रा घरची आहे. यात्रेत देवदर्शनाबरोबर सोयरिकी जुळतात आणि तांड्या-तांड्यांतील तंटे वडीलधाऱ्यांपुढे ठेवले जातात.

चैत्राचे ऊन बायकांच्या कामाचे ऊन आहे. मुगाच्या वड्या, पापड, शेवया, सरगुंडे आणि कुरोड्या यांचे वाळवण याच दिवसांत घातले जाते, कारण हवा कोरडी असते आणि वळवाचा धोका अजून दूर असतो. कुरोडीचे काम तीन-चार दिवसांचे. गहू तीन दिवस भिजत घालायचे, पाणी रोज बदलायचे, चौथ्या दिवशी ते वाटून कापडातून पिळून चीक काढायचा, चीक तळाशी बसू द्यायचा, वरचे आंबूस पाणी ओतून टाकायचे, आणि पहाटेच चुलीवर आधणात मीठ घालून तो सतत घोटत शिजवायचा. चीक पारदर्शक होऊन कडा सोडू लागला की तो गरम असतानाच सोऱ्यात भरून जुन्या लुगड्यावर गोल गोल पाडतात. थंड झाला तर सोऱ्या दाबत नाही, आणि म्हणून हे काम एकटीचे नाही. आज एका घरी, उद्या दुसऱ्या घरी अशी शेजारणींची पाळी असते, आणि ज्या घरी मदत घेतली त्या घरी हात लावायला जाणे हे न लिहिलेले कर्ज असते.

वैशाख शुद्ध तृतीया, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा पूर्वजांचे देणे चुकवण्याचा दिवस. कुंभाराकडून दोन नवी मडकी आणतात, एक पितरांच्या आणि एक मातरांच्या नावाचे. त्यांत पाणी भरून ती धान्याच्या राशीवर ठेवतात, वर आंबा ठेवतात, आणि पुरणपोळी, आंब्याचा रस, कुरोड्या, पन्हे असा निवेद दाखवतात. कित्येक घरांत या दिवसापूर्वी नवा आंबा तोंडाला लावत नाहीत. मातीचे मडके पाझरते, पाझरलेले पाणी बाहेरच्या पृष्ठभागावरून वाफ होऊन जाताना आतल्या पाण्यातील उष्णता घेऊन जाते, त्यामुळे आतले पाणी थंड राहते. नदी आटलेल्या काळात पूर्वजांना देण्यासाठी थंड पाण्याची घागर निवडली गेली, यात मोठे औचित्य आहे. याच तिथीला बुलढाणा जिल्ह्यातील भेंडवळ येथे घटमांडणी होते. शेतात घट, मातीची ढेकळे आणि विविध धान्ये मांडून रात्रभर ठेवतात व दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांत झालेल्या फेरबदलांवरून पावसाचे व पिकांचे भाकीत सांगतात. या भाकितांना शास्त्रीय आधार नाही, आणि हवामान खात्याच्या अंदाजाऐवजी त्यांवर पेरणी ठरवणे धोक्याचे आहे. पण वऱ्हाडातील शेतकरी ती ऐकतो, कारण बी-बियाणे उधारीवर घेण्याचा निर्णय त्याला त्याच आठवड्यांत करायचा असतो.

त्यानंतर गावाचे सारे लक्ष कृषी केंद्राच्या दुकानाकडे लागते. सरकीच्या बियाण्याची कोणती पिशवी घ्यायची, खताच्या किती गोण्या लागतील, पीककर्ज किती आणि केव्हा हाती येईल, तोवर सावकाराकडून किती उचलायचे, याची आकडेमोड सुरू होते. पाडव्याला ठेवलेला सालदार वखराच्या पासेला धार लावून ठेवतो, धुऱ्यावरची काटेरी झुडपे तोडली जातात, शेणखताचे ढीग शेतात पसरले जातात, आणि रोहिणी नक्षत्र संपून ७ किंवा ८ जूनला मृग लागण्याची वाट पाहिली जाते.